दमलेली यशोदा

माशेल येथील श्री देवकीकृष्णाच्या दर्शनास गेले म्हणजे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कृष्णाची देवळे देशात असंख्य आहेत. कोठे तो मुरली वाजवीत उभा आहे, कोठे रुक्मिणीसह, कोठे राधेसह. येथे मात्र तो आईच्या अंगाशी असलेले तान्हे मूल आहे. पोर्तुगीज अमदानीतील छळाच्या काळात चोडण बेटावरील आपले स्थान सोडून हे दैवत फिरत फिरत माशेलास स्थिरावले, हा इतिहास आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. पण मूर्तीत जी करुणा आहे तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भागवताच्या कथेत देवकीच्या वाट्याला या मुलाचे बालपण आलेच नाही. जन्मला त्याच रात्री तो गोकुळात गेला. पुराणाने जे तिला दिले नाही ते भक्तांनी मूर्तीत दिले. मूल वाढविण्याचा रोजचा आनंद हिरावला जाणे हे केवढे दुःख आहे हे ज्यांनी जाणले, त्यांनाच अशी मूर्ती सुचली असावी, असे आम्हांस वाटते.

हा रोजचा आनंद, आणि तो भोगता यावा म्हणून आईच्या अंगात उरावे लागणारे त्राण, यांस आमच्या वाङ्मयात कितपत जागा मिळाली आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मातृप्रेमाचे वाङ्मय मराठीत थोडेथोडके नाही. तथापि त्यातील आई कोण पाहतो, आणि केव्हा पाहतो, हा प्रश्न टीकाकारांनी फारसा विचारलेला नाही.

यशवंतांची 'आई' ही कविता घ्या, किंवा माधव जूलियन यांची 'प्रेमस्वरूप आई' घ्या. दोन्ही कविता महाराष्ट्राच्या व गोमंतकाच्या घराघरांत पाठ आहेत, आणि त्या योग्यतेच्या आहेतच. पण दोन्हींत बोलतो तो आईस मुकलेला मुलगा. सानेगुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली व १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तीही दिवंगत मातेची आठवण आहे. म्हणजे आमच्या वाङ्मयातील वंदनीय माता बहुधा हयात नसते. मोठा झालेला मुलगा डोळे पुसत तिचे गुण आठवीत असतो. कृतज्ञतेची ही भावना थोर आहे, पण तिच्या दृष्टीला एक मर्यादा आहे. आईने काय दिले ते मुलाला आठवते. त्या दिवशी तिला काय मिळाले, ती केव्हा हसली, तिची पाठ कधी टेकली, हे त्याला आठवत नाही. कारण तेव्हा तो स्वतःच तिच्या कडेवर होता! अशा स्मरणातून त्यागाची मूर्ती घडते, आणि मग त्याच मूर्तीच्या मापाने जिवंत सुनेस, लेकीस मोजण्याचा प्रघात पडतो. दुपारी घटकाभर निजलेली आई त्या मापात उणी ठरते.

'श्यामची आई'वर सगळा दोष ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. पुस्तकातील पहिल्याच रात्रीची गोष्ट पुन्हा वाचून पाहावी. वटसावित्रीचे व्रत आले आहे आणि आई हिवतापाने क्षीण झाली आहे. प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्यात नाही. ती श्यामला सांगते की, माझ्याऐवजी तू घाल. बायकांच्या व्रतात मुलगा दिसला तर सोबती हसतील, या लाजेने श्याम अडखळतो, मग जातो. आईचे दमणे मुलाने ओळखावे आणि तिचा भार आपल्या पायांवर घ्यावा, ही गोष्ट गुरुजींनी सर्वांत आधी सांगितली आहे. ती आम्ही किती जणांनी लक्षात ठेविली? आम्ही लक्षात ठेविले ते आईचे सोसणे, आणि त्याचीच भाषणे केली. येथे उणीव ग्रंथाची कमी, वाचकांची अधिक आहे.

याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. हे पुस्तक आईने स्वतः लिहिलेले आहे, त्यामुळे वाचताना एकदम वेगळ्या घरात आल्यासारखे वाटते. पैशाची ओढाताण आहे, पाहुण्यांची रीघ आहे, पतीच्या धर्मांतराने संसाराची झालेली ताटातूट आहे, लहान दत्तू बरोबर आहे. दुःख श्यामच्या घरापेक्षा कमी नाही. पण लक्ष्मीबाई हसतात, आणि प्रथम स्वतःस हसतात. आपली भीती, आपला अजागळपणा, आपल्या फजित्या त्या अशा सांगतात की, वाचणाऱ्या गृहिणीस हायसे वाटावे. आपल्या चुकांवर हसता येणे हेही आईचे एक विश्रांतिस्थान आहे, आणि मराठी गद्यात ते प्रथम इतक्या मोकळेपणी त्यांनी उघडले, असे आमचे मत आहे.

याहून जुने आणि मोठे साक्षीदार म्हणजे जात्यावरच्या ओव्या. त्यांत आई वर्तमानकाळात बोलते. मूल नुकते चालावयास लागले आहे, अंगणातली रांगोळी पुसते आहे, पायातल्या वाळ्यांचा नाद घरभर होतो आहे; त्याला दृष्ट लागेल म्हणून ती भिते, आणि पुढल्याच ओवीत शेजारणीस मोठ्या तोऱ्याने ते दाखविते. मध्येच माहेर येते, भाऊ येतो, सासूवरची तक्रारही येते. हे धन वेचण्याचे काम थोर माणसांनी केले. सानेगुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या संगृहीत केल्या. म्हणजे आईचा सर्वांत मोठा स्मरणकर्ता आयांचे स्वतःचे बोलणेही ऐकत होता! गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आणि बेळगावच्या इंदिरा संत यांनी 'मालनगाथा' सिद्ध केली. इंदिराबाईंचे पती ना. मा. संत १९४६ साली निवर्तले; मुले लहान, आणि शिक्षिकेचा पेशा. अशा बाईने उतारवयात पुन्हा या अनाम मालनींच्या ओव्यांकडे वळावे, यात आम्हांस केवळ संशोधन दिसत नाही. आपल्याच जातीच्या बायांशी घटकाभर बसण्याची ओढ दिसते.

ओवीचे मोल ठरविताना आमचे रसिक तिच्यातील वात्सल्याची वाखाणणी करून थांबतात. आमचे म्हणणे असे की, ओवीत काय सांगितले आहे याइतकेच ती केव्हा आणि कोणाबरोबर गाइली जाई, हेही पाहिले पाहिजे. पहाटेची वेळ, मूल अजून झोपेत किंवा मांडीवर, समोर जाऊ किंवा नणंद, आणि दोघींचे हात एकाच खुंट्यावर. दळणे हे काबाडकष्टाचे काम होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, हे उत्तमच झाले. पण त्या कष्टाच्या पोटात एक तास असा होता की, जेव्हा आईचे मन तिचे स्वतःचे असे आणि ते ऐकावयास समोर कोणी असे. जाते गेले, त्याबरोबर ती समोरची बाईही गेली. आणि तिच्या जागी दुसरे काय आले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

अशी जागा राखून ठेवण्याचे शहाणपण आमच्या समाजास पूर्वी होते. गोमंतकातील धालो पाहा. पौषातल्या थंडीत रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा धरतात, वाकतात, झुलतात, आणि कोंकणी गाणी ओळीमागून ओळ अंधारात पुढे सरकतात. पुरुषांना त्या मांडावर स्थान नसते. चवथीच्या दिवसांतील फुगडीचे तेच. गौराईचे निमित्त असते, पण दिवसभर पाणी, चूल आणि पोरे यांत वाकलेली कंबर त्या गिरकीत सरळ होते. देवाच्या नावाने मागितलेली रजा सासूलाही नाकारता येत नसे! बाळंतिणीचा सव्वा महिनाही असाच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेचे स्नेहन, पोट बांधणे, हलका आहार यांचा विचार आहे. आमच्या आज्यांनी तेल, शेक, डिंकाचे व अळिवाचे लाडू यांच्या रूपाने तोच चालविला. त्याला सुवेराची, म्हणजे विटाळाची, चौकट होती आणि त्या चौकटीत बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडणेही होते, हे लपवू नये. विटाळाची कल्पना जावी. विश्रांती मात्र राहावी. आज अनेक घरांत याच्या उलट घडते. सुवेर जुन्या काळचे म्हणून सोडले जाते, त्याबरोबर विसावाही सुटतो, आणि दहाव्या दिवशी सूनबाई सर्वांच्या चहाला उभी असते.

यावर कोणी वडीलधारे म्हणतील, "आमच्या आयांनी आठ-आठ मुले वाढविली, त्यांनी कधी विसावा मागितला?" त्यांनी मागितला होता. ओव्यांत मागितला होता, आपण ऐकला नाही. शिवाय त्यांच्या भोवती जावा, नणंदा, शेजारणी होत्या. आज परगावी दोन खोल्यांत एकटी मूल सांभाळणाऱ्या आईजवळ त्यांतले कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी जगात सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः औदासीन्याचा विकार, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १९.८ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक आहे. ही बाई आपल्या ओळीत, आपल्याच देवळात आरतीला उभी असते. तिला आपण त्यागाची कविता म्हणून दाखवावी काय? तिला वैद्याकडे न्यावे, तिच्याजवळ बसावे, आणि रात्री मूल आपल्याकडे घ्यावे.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. भागवताच्या दशम स्कंधातील नववा अध्याय आमच्या देवळांतून शतकानुशतके वाचला जातो. दासी दुसऱ्या कामात गुंतलेल्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळीत आहे, आणि घुसळता घुसळता मुलाच्या खोड्यांची गाणी गात आहे. मूल येते, रवी धरते, दूध मागते. ती त्याला मांडीवर घेते. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाते, तशी अर्धवट प्यालेल्या मुलास खाली ठेवून ती धावते. मूल चिडून मडके फोडते. परत आल्यावर फुटके मडके पाहून ती काय करते? हसते. मग काठी घेऊन पाठीस लागते, आणि मूल घाबरलेले पाहताच काठी टाकून देते. पुढे दाव्याने बांधू जाते तर दावे दोन बोटे अपुरे. पुन्हा जोडावे, पुन्हा दोन बोटे अपुरे. गोपी हसतात, तीही हसते. अखेर तिचे अंग घामाने निथळते, केसांतली फुले सुटतात. आणि आईचे हे श्रम पाहून कृष्ण कृपेने बांधून घेतो.

जांबावलीचा श्रीदामोदर शिवस्वरूप आहे; येथे अभिप्रेत आहे तो पोटाशी दावे बांधलेला बाळकृष्ण. त्या दोन बोटांचा अर्थ टीकाकारांनी एक बोट भक्ताच्या श्रमाचे व दुसरे ईश्वराच्या कृपेचे असा लाविला आहे. त्या अर्थाला धक्का न लावता आम्ही एक घरगुती अर्थ सुचवितो. या अध्यायात आई गाते, दमते, चिडते, हसते, दुधासाठी मूल खाली ठेवते, आणि यांतल्या कशानेही तिचे मातृत्व उणे होत नाही. उलट प्रत्यक्ष परमेश्वर तिचा घाम पाहतो. जी गोष्ट आमच्या मातृस्तोत्रांना दिसली नाही, ती भागवतकारांना दिसली.

म्हणून मातेवरील कोणत्याही कवितेस, कथेस, कीर्तनास यापुढे आम्ही हा एक प्रश्न विचारू: यात आईचा घाम कोणी पाहिला आहे काय, आणि तिचे हसू कोणी ऐकले आहे काय? तरुण लेखकांनी, विशेषतः ज्यांच्या घरात आज मूल रांगते आहे अशांनी, आई जिवंत असताना, तिचा चहा गरम असताना, तिच्याविषयी लिहावे. लेखिकांनी तर स्वतःविषयीच लिहावे. कोंकणीत लिहावे, मराठीत लिहावे, ओवीच्या मोकळेपणाने लिहावे.

आणि वाचकांसाठी एवढेच. आपल्या घरातले मूल कृष्ण नव्हे. आई दमली म्हणून ते आपण होऊन थांबणार नाही. त्याने थांबूही नये, ते त्याचे बाळपण आहे. थांबावयाचे ते घरातल्या मोठ्यांनी. उद्या सायंकाळी देवळात जाताना मूल बापाने कडेवर घ्यावे, आजोबांनी बोट धरावे, आणि यशोदेस घटकाभर केसांत फुले माळू द्यावीत.