स्वार्थ आणि विध्यर्थ : बेन्झीनच्या तीन अंदाजांविषयी

अमेरिकेतील ओहायो राज्यात रबरापासून प्लिओफिल्म नावाचा पारदर्शक पापुद्रा तयार करणाऱ्या कारखान्यांत बेन्झीन हे द्रावक वापरीत असत. तेथील कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून पुष्कळ अधिक आढळले, आणि किती बेन्झीनमुळे किती धोका संभवतो याचे गणित पुढे मुख्यतः त्यांच्याच नोंदींवर उभारले गेले. अडचण ही की, १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील हवेची मोजमापे अतिशय तुरळक आहेत.

हे रिकामे रकाने तीन रीतींनी भरले गेले. शिफारस केलेली मर्यादा जसजशी उतरली तसतशी कारखान्यातील हवाही सुधारली असावी, असे क्रम्प आणि ॲलन यांनी १९८४ मध्ये धरले. साहजिकच त्यांचे आरंभीच्या वर्षांचे आकडे मोठे आले. रिन्स्की व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये उपलब्ध मोजमापेच मोजमाप नसलेल्या वर्षांना लावली. पाउस्टेनबाख प्रभृतींनी १९९२ मध्ये युद्धकाळातील वाढीव तास, त्वचेतून होणारे शोषण आणि जुन्या उपकरणांची सदोषता हिशेबात घेऊन मात्रा चढविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वीची हवा जितकी वाईट मानावी तितके बेन्झीन सौम्य ठरते. कारण तेवढेच मृत्यू मोठ्या मात्रेच्या माथी जातात. ‘सावधगिरी म्हणून आकडा चढा धरला’ हे वाक्य आज काम करणाऱ्या माणसाच्या संरक्षणासाठी योग्यच आहे. पण विषाची तीव्रता ठरविताना ते नेमके उलट काम करते.

गृहीते करावीच लागतात. त्यांवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कोष्टकावर. मजकुरातील ‘असावी’ हा विध्यर्थ कोष्टकात उतरताच स्वार्थ होतो. (व्याकरणातला; व्यवहारातल्या स्वार्थाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही.) संख्येला अर्थाचे प्रत्यय लागत नाहीत, मोजलेले आणि तर्काने बसविलेले शेजारशेजारी सारख्याच निश्चयाने उभे राहतात. विश्वासमर्यादा दिल्यानेही भागत नाही. त्या बहुधा नमुन्याच्या लहानपणातून येणारी चूक सांगतात. मुळात गृहीत कोणते, याविषयी मौन पाळतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये यातून निराळी वाट काढली. दर घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम बेन्झीन आयुष्यभर श्वासावाटे घेतल्यास दहा लाखांत २.२ ते ७.८ जणांना धोका, असा पट्टा तिने दिला आणि त्यातील प्रत्येक आकडा सारखाच संभवनीय मानला. दोन टोकांत साडेतीन पटींचे अंतर आहे. मात्र त्याच संस्थेच्या प्राथमिक छाननीच्या कोष्टकात ७.८ हे वरचे टोक तेवढे छापलेले आढळते.