कलम, आदेश आणि न्यायनिर्णय : आपल्या संविधानविषयक पुस्तिकांचा परामर्श

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर परतताना सोबत पुस्तके घेऊन जातो, ही गोष्ट कोणत्याही समाजाने हेवा करावा अशीच आहे. शिवाजी पार्कवरील त्या ग्रंथविक्रीत अलीकडे एका प्रकारच्या वाङ्मयाची विशेष भर पडली आहे. संविधानाची ओळख करून देणाऱ्या, थोड्या पानांच्या व अल्प किमतीच्या पुस्तिका तेथे हातोहात खपतात. त्यांच्या लेखकांची आणि प्रकाशकांची तळमळ निर्विवाद आहे. किंबहुना ती निर्विवाद असल्यामुळेच या वाङ्मयाची परखड तपासणी होणे अगत्याचे आहे; कारण त्याचा वाचक ते ज्ञान म्हणून स्वीकारतो आणि प्रसंगी त्याच्या बळावर कचेरीतल्या अधिकाऱ्याशी वाद घालतो.

या पुस्तिकांची रचना बहुधा ठरलेली असते. मुखपृष्ठावर बाबासाहेब, आत उद्देशिका, मग मूलभूत हक्कांच्या कलमांचा मजकूर, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातील काही उतारे आणि शेवटी लेखकाचे आवाहन. कलम छापले की कायदा सांगून झाला, अशी त्यामागील समजूत दिसते. कलमामागचा अधिनियम, त्याखालील आदेश, झालेल्या दुरुस्त्या आणि न्यायालयांनी लावलेला अर्थ यांचा मागमूसही बहुतेकींत नसतो. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे प्रत्येक पुस्तिकेत आहे. परंतु त्या कलमाला शिक्षेचे बळ देण्यासाठी १९५५ चा अधिनियम करावा लागला, १९७६ मध्ये त्याचे स्वरूप व नाव बदलले आणि तेही अपुरे पडल्याने १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, ही साखळी क्वचितच आढळते.

याचा परिणाम कसा होतो, ते आरक्षणाच्या मुदतीवरून दिसेल. आरक्षण केवळ दहा वर्षांसाठी होते, असा प्रचार आपले विरोधक करतात, यात नवल नाही. नवल याचे की त्याचे खंडन करताना आपल्या काही पुस्तिका, मुदत अशी काही नव्हतीच, असे ठोकून देतात. मुदत होती आणि आहे. ती कलम ३३४ मध्ये असून लोकसभा व विधानसभा यांतील राखीव जागांपुरतीच आहे. वेळोवेळी घटनादुरुस्ती करून ती वाढविण्यात आली. १०४ व्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या जागांची मुदत जानेवारी २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांतील राखीव जागांचा आधार कलम १६(४) हा आहे; शिक्षणातील तरतुदींचा मुख्य आधार १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेले कलम १५(४). या दोहोंना मुदत घातलेली नाही. एवढे चार ओळींत सांगितले असते तर वाचकाच्या हाती उत्तर आले असते. सरसकट नकाराने मात्र तो पहिल्याच उलटतपासणीत उघडा पडतो.

बाबासाहेबांची पद्धत याहून अगदी वेगळी होती. परळच्या बी. आय. टी. चाळीत राहून दामोदर हॉलमधील कचेरीतून वकिली करणारा हा विधिज्ञ १९३५ मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. तेथे इंग्लंडच्या संविधानावर त्यांनी दिलेली व्याख्याने महाराष्ट्र शासनाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाराव्या खंडात उपलब्ध आहेत. डायसीचा ग्रंथ प्रमाण मानूनही ते विद्यार्थ्याला थेट डायसीच्या सिद्धांतांवर नेऊन आदळत नाहीत. इंग्रज विद्यार्थ्याला जी पार्श्वभूमी आपोआप लाभते ती भारतीय विद्यार्थ्याला नसते, हे ओळखून ते राजपद, उमरावसभा आणि पार्लमेंट या संस्थांची घडण आधी उलगडून दाखवितात. परक्या देशाचा कायदा कसा अभ्यासावा, याचा हा वस्तुपाठ आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्या वस्त्यांतील सामान्य वाचकाला स्वतःच्या देशाचा कायदाही बराचसा परकाच असतो. त्याला नेमकी हीच पद्धत हवी आहे.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर ही पद्धत अपरिचित असू नये. विनयपिटकातील सुत्तविभंगात एकही शिक्षापद उघडे-बोडके येत नाही. नियम कोणत्या प्रसंगी घालावा लागला ती कथा, मग नियम, नंतरच्या प्रसंगामुळे त्यात घातलेली अनुप्रज्ञप्ती, प्रत्येक पदाचे विवरण करणारे पदभाजनीय, आणि अखेर कोणत्या स्थितीत दोष लागत नाही याची नोंद. अशा क्रमाने तेथे विवेचन चालते. भिक्षुसंघांना संसदीय कार्यपद्धती अवगत होती, हे बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबरच्या भाषणातील विधान आपण वारंवार उद्धृत करतो. त्या संघांनी नियम वाचण्याची जी शिस्त जपली, तिच्याकडे मात्र लक्ष देत नाही.

संविधान सभेतील भाषणे हाच कायदा, असे मानण्याची चूकही होते. तेराव्या खंडाने १९९४ मध्ये ही भाषणे एकत्र आणली, हे मोठेच कार्य झाले. पण भाषण हे अर्थ लावण्याचे साधन आहे, कायद्याचा पर्याय नव्हे. २ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी सभागृहात बजावले की येथे धर्माने जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सारे जीवन व्यापले असल्याने व्यक्तिगत कायदे विधिमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवले तर सामाजिक सुधारणाच थांबेल. पुढे १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू आप्पा माळी खटल्यात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरविला. मात्र व्यक्तिगत कायदे कलम १३ च्या अर्थी ‘कायदा’ नाहीत, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर त्यांची तपासणी होऊ शकत नाही, असेही म्हटले. विधिमंडळाला सुधारणेचा अधिकार मिळाला, न्यायालयाने स्वतःचा हात मात्र आखडला. या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असे मत २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी नोंदविले. नुसते भाषण वाचणाऱ्यास यांतले काहीच कळत नाही.

आता ज्या प्रश्नावर आपल्या पुस्तिका सर्वाधिक त्वेषाने आणि सर्वांत कमी अभ्यासाने लिहितात, त्याकडे वळू. ‘संविधानाने बौद्धांना हिंदू ठरविले’ हे विधान अनेक ठिकाणी आढळते, आणि पुरावा म्हणून कलम २५ चे दुसरे स्पष्टीकरण दिले जाते. ते स्पष्टीकरण फक्त त्याच कलमाच्या खंड (२) उपखंड (ख) पुरते आहे. सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणे या प्रयोजनासाठी हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश मानावा, एवढेच ते सांगते. ही शब्दयोजना खटकणारी आहे, यात शंका नाही. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगानेही २००२ मध्ये ती बदलण्याची शिफारस केली. पण खटकणे वेगळे आणि कायद्याचा परिणाम वेगळा.

तो परिणाम न्यायालयात तपासला गेला, आणि तोही आपल्याच माणसाच्या बाबतीत. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्यात, १९६२ साली राखीव मतदारसंघातून निवडून आलेले मेश्राम हे धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातीचे राहिले काय, हा प्रश्न होता. कलम ३४१ खाली राष्ट्रपतींनी १९५० मध्ये काढलेल्या आदेशाचा तिसरा परिच्छेद येथे निर्णायक ठरला. हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे त्यात मूळचे होते. शिखांतील काही जातींना तेवढा अपवाद होता. सप्टेंबर १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या काही आठवडेच आधी, संसदेने त्यात सरसकट ‘शीख’ हा शब्द घातला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्पष्टीकरणामुळे बौद्ध आपोआप हिंदूंत मोडत असते, तर शिखांचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे कारणच उरले नसते. जाहीर घोषणेने बौद्ध झालेली व्यक्ती या आदेशापुरती हिंदू नाही. मेश्राम यांची निवड रद्द झाली.

बौद्ध हिंदू नाहीत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि तेच सांगताना एका बौद्धाची जागा गेली. एवढा विदारक प्रसंग आपल्या पुस्तिकांना ठाऊक नसावा, हे विशेष खेदाचे आहे. त्याचे मूळही १९५० पर्यंतच थांबत नाही. १९३५ च्या कायद्याखालील १९३६ च्या आदेशात, बंगाल प्रांतात बौद्ध धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असा खंड होताच.

यानंतरचा भाग संघराज्याची रचना समजण्यास फार उपयोगी आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील शिक्षण व नोकरीच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. मागासलेला वर्ग कोणता, हे कलम १५(४) व १६(४) साठी राज्याला ठरविता येते, म्हणून हे शक्य झाले. परंतु कलम ३४१ ची यादी बदलण्याचा अधिकार केवळ संसदेचा. त्यामुळे परळ-लालबागचा तोच तरुण राज्याच्या कचेरीत सवलतीस पात्र ठरे आणि केंद्राच्या कचेरीत अपात्र. ही दुफळी १९९० मध्ये संपली. तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घालणारा अधिनियम संसदेने केला. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही, साधे बहुमत पुरले. चौतीस वर्षांच्या मागणीचे उत्तर एका शब्दात होते आणि तो शब्द संविधानाच्या कलमांत नव्हे, त्याखालच्या एका आदेशात घालायचा होता. १९९० च्या या अधिनियमाला ‘घटनादुरुस्ती’ म्हणणाऱ्या पुस्तिका आजही विकल्या जातात.

विवाहाचेही तसेच. बौद्धांना हिंदू विवाह कायदा लागू होतो तो कलम २५ मुळे नव्हे, तर त्या १९५५ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा नावानिशी उल्लेख आहे म्हणून. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी करणाऱ्यांनी निवेदन कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर रोखावे, हे यावरून ठरते.

आणि १९९० नंतरचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. आदेशाला जोडलेली यादी जातींची आहे, धर्मांची नव्हे. तिसऱ्या परिच्छेदाने बौद्धास दार उघडले, पण आत जाण्यासाठी यादीतील जातीचे नाव सांगावेच लागते. दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहिणाऱ्या कुटुंबाचे मूल केंद्रीय सेवेच्या अर्जापाशी अडते, आणि ज्या नावाचा दीक्षाभूमीवर त्याग केला तेच नाव हक्कासाठी पुन्हा लिहावे लागते. या पेचावर एका पुस्तिकेतही पानभर विवेचन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. पुढील ६ डिसेंबरला नवी पुस्तिका काढणाऱ्याने १९५० चा आदेश त्याच्या १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांसह पूर्ण छापावा, आणि त्याखाली मेश्राम खटल्याचा सारांश द्यावा. उद्देशिका वाचकाच्या घरी बहुधा आधीच असते.