दारावर कोण?

जयगडच्या किल्ल्याचा दरवाजा दाखवताना लोक विजापूरकरांचं नाव घेतात, आंग्र्यांचं घेतात. जांभा फोडून डोक्यावरून वाहणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मित्रांनो, आज एका परक्या दरवाज्याची गोष्ट.

रोमच्या सेंट पीटर चर्चला जाकोमो मांझूनं 1964 साली ब्राँझचा दरवाजा घडवला. 'मरणाचा दरवाजा'. त्यावर उठावाची शिल्पं आहेत. वर मेरीचं मरण, येशूला क्रुसावरून उतरवणं. हे नेहमीचंच. पण खाली बघा. खुर्चीवरून कोसळणारी बाई आणि ते बघून रडणारं पोर. छळानं मेलेला माणूस. यांना नाव नाही, डोक्यामागं वलय नाही. त्यांच्याच रांगेत पोप तेविसावे जॉन. आकृत्या धातूतून जेमतेम वर येतात, भोवती सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेत माणूस एकटा मरतो. रडारड नाही, चमत्कार नाही. हेच या शिल्पाचं बळ.

मांझू बेर्गामोच्या गरीब मोच्याचा पोरगा. तिथं मोची हा धंदा, जात नव्हे. म्हणून त्याचा हात पोपच्या दाराला लागला. आपल्याकडं देवळाचा दगड फोडणाऱ्याला त्याच देवळाची पायरी बंद होती.

पण म्हणून चर्चला डोक्यावर घेऊ नका. तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातीजातींना वेगळं बसवणारी भिंत होती. ती 1910 साली पाडली. क्रूस समोर, भिंत मधे! दारावर गरिबाचं मरण कोरलं म्हणून आतली जात मरत नाही. ती पाडावीच लागते.

आता आपलं बघू. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागाचं काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचं नाव तिथंच कोरलंय. दान देणाऱ्या गंधिकाचंही. राजांच्या लेखांशेजारी कष्टकऱ्यांचे लेख! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या बौद्ध परंपरेला हे जमलं. आज आपल्या विहारात काय असतं? सोनेरी रंग दिलेला पुतळा, खाली देणगीदारांची फरशी. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यात बाबासाहेबांमागोमाग ओंजळ भरणारी हजारो माणसं कुठायत? त्यांतली कितीतरी याच कोकणातली.

पुढच्या विहाराची वर्गणी काढाल तेव्हा एवढं करा. दारावर त्या ओंजळी कोरा. आणि कोरणाऱ्याचं नाव खाली घाला.

जयभीम.