‘निष्ठावंत ग्राहक’ : एका कल्पनेचा अर्थविचार

महाजालावरून माल विकणाऱ्या लहान उत्पादकांना उद्देशून मराठीत जे उपदेशपर लेखन आज होत आहे, त्यात ‘निष्ठावंत ग्राहक’ हा शब्दप्रयोग पावलोपावली आढळतो. ह्या कल्पनेचे एक प्रमुख उगमस्थान म्हणजे केव्हिन केली ह्या अमेरिकन लेखकाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला ‘एक हजार खरे चाहते’ हा निबंध होय. २०१६ साली केलीने त्याला सुधारलेले रूप दिले. २०२० साली ली जिन ह्या लेखिकेने हजाराची संख्या शंभरावर आणली. सिद्धांताचा पाया मात्र तोच राहिला. त्या पायाची परीक्षा मराठी शब्दांच्या आधारे करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

केलीचे गणित सुबोध आहे. कलावंत जे जे निर्माण करील ते ते विकत घेणारा, त्याचे गाणे ऐकण्यासाठी दोनशे मैल मोटार हाकीत जाणारा, तो खरा चाहता. असा प्रत्येक चाहता वर्षाकाठी एका दिवसाची मिळकत, म्हणजे सुमारे १०० डॉलर, कलावंतासाठी खर्च करील असे धरले, तर १,००० चाहत्यांपासून १,००,००० डॉलर मिळतात व कलावंताचा चरितार्थ चालतो. मात्र मध्ये दलाल नको. पैसा थेट हाती यावयास हवा. लक्षावधींच्या टाळ्यांमागे धावणाऱ्यास केलीने मोजता येईल असा आकडा दिला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. त्याचा प्रामाणिकपणाही नोंदण्यासारखा आहे. अशा चाहत्यांच्या आधारावर जगण्यातील अडचणी सांगणारे रॉबर्ट रिच ह्या संगीतकाराचे पत्र त्याने त्याच वर्षी स्वतःच प्रसिद्ध केले. आपल्या उपदेशकांनी आकडा तेवढा उचलला. पत्राचा उल्लेख क्वचितच कोणी करतो.

परंतु केलीच्या डोळ्यांसमोर गायक, चित्रकार, लेखक असे लोक होते. आपल्याकडे हा सिद्धांत लावला जातो तो गोडा मसाला, लोणची, दिवाळीचा फराळ अशा वस्तूंना. गायकाचा चाहता एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या विकत घेईल. पण कोणत्याही प्रेमाने आमटीत चमचाभराऐवजी वाटीभर मसाला पडत नाही. एखाद्या घरात महिन्याला शंभर ग्रॅम गोडा मसाला लागतो असे धरले, तर वर्षाची मर्यादा सुमारे सव्वा किलोची झाली. शिवाय त्यातील खोबरे व तीळ कालांतराने खवट होतात, म्हणून अधिक माल गळ्यात मारणे म्हणजे स्वतःचेच नाव घालविणे. तेव्हा मसाला विकणाऱ्या बाईस उत्कट चाहत्याचा फारसा उपयोग नाही. तिला हवी असते पुनरावृत्ती. बरणी संपत आली की ज्या घरातून न सांगता मागणी येते, ते तिचे खरे घर. केलीच्या निबंधात आवडीची तीव्रता मोजली आहे, येथे मोजावयाचा आहे तो काळाचा अंतराल. ‘तीनशे घरे, दर दोन महिन्यांनी’ हा हिशेब ‘एक हजार चाहते’ ह्या घोषणेहून अधिक खरा आहे, आणि तो ठेवण्यास कोणत्या घराने केव्हा किती नेले ह्याची स्वतःच्या हातची वही लागते. इन्स्टाग्रामवरील अनुयायांची संख्या म्हणजे ती वही नव्हे. ती दुसऱ्याच्या दुकानातील गर्दी आहे.

हा भेद आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. इंग्रजी ‘फॅन’ हा शब्द धर्मवेड्याच्या वाचक शब्दाचा संक्षेप मानला जातो. त्यात आवेश अभिप्रेत आहे. मराठी ‘निष्ठा’ ही खालून वर जाते: शिष्याची गुरूवर, सेवकाची धन्यावर, आणि अलीकडे कार्यकर्त्याची पक्षावर. ‘निष्ठावंत ग्राहक’ म्हणताच पैसे देणारा सेवक ठरतो व घेणारा धनी. ‘गिऱ्हाईक’ ह्या शब्दात असा चढउतार नाही. गिऱ्हाईक जोडावे लागते, टिकवावे लागते, आणि ते तुटते. ही क्रियापदे दोन टोके असलेल्या वस्तूची आहेत. (एखाद्यास ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडविणे, हा अर्थही मराठीने जपून ठेवला आहे, विक्रेत्याने तो विसरू नये.) संस्कृत ‘ग्राहक’ हे रूप तत्सम म्हणून प्रतिष्ठित झाले, पण कचेरीच्या सूचनांतून फिरता फिरता त्याचा ओलावा गेला.

गिऱ्हाईक जोडण्याचे काम महाजालावर जवळजवळ सर्वस्वी भाषेनेच करावे लागते, कारण तेथे ना गल्ला दिसतो ना दुकानदाराचा चेहरा. म्हणून सर्वनामांचा प्रश्न येथे शिष्टाचारापुरता राहत नाही. ब्राउन आणि गिलमन ह्यांनी १९६० साली संबोधनार्थी सर्वनामांचा विचार सत्ता व ऐक्य ह्या दोन अक्षांवर केला. मराठीत तिसरी एक सोय आहे. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. शिवाय तेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करते. ‘आपल्या मसाल्याची नवी खेप तयार आहे’ ह्या वाक्यातील मसाला विकणारीचा, घेणारीचा, की दोघींचा? ही संदिग्धता व्यापारास अत्यंत सोयीची आहे, पण ती कमवावी लागते. चौथ्या खेपेस जे वाक्य आपुलकीचे वाटते, तेच पहिल्या संदेशात आगाऊ वाटते. ‘तू’ची गोष्ट तर याहून नाजूक. आईस ‘तू’ म्हणणारा मराठी माणूस अनोळखी विक्रेत्याचे ‘तुझी ऑर्डर निघाली!’ हे यंत्राने पाठविलेले वाक्य ऐक्याचे चिन्ह मानील, असे समजणे भाबडेपणाचे आहे. इंग्रजीत सर्वांस एकच सर्वनाम असल्याने तेथील नमुने हा विवेक शिकवीत नाहीत; भाषांतरात तो मुळातच हरवतो. ‘आमचे कुटुंब’ हा प्रयोगही त्याच जातीचा. ज्या पुण्याच्या पाट्यांची आपण थट्टा करतो, तेथील ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य गिऱ्हाइकास उघडपणे बाहेर ठेवते; तरी त्यात माल कोणाच्या हातचा आहे ह्याची जी हमी आहे, ती ‘कुटुंबा’च्या गोडव्यात नाही.

निष्ठेची कसोटी कोणती, ह्याचे उत्तर केलीपेक्षा आल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या ग्रंथात अधिक चांगले मिळते. माल बिघडला की गिऱ्हाइकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा बोलून दाखविणे. ज्याची ओढ असते तो लगेच निघून जात नाही. तो आधी बोलतो. म्हणजे ‘ताई, ह्या खेपेस दगडफूल जास्त पडले का हो?’ असे विचारणारी काकू ही लहान विक्रेतीची सर्वांत मौल्यवान संपत्ती होय, आणि पाच तारे देऊन पुन्हा न फिरकणारे शंभर लोक हे केवळ सौजन्य. पण तक्रार येण्यासाठी ती करण्याजोगी भाषा आधी उपलब्ध व्हावी लागते. उद्गारचिन्हांनी व चित्रचिन्हांनी भरलेल्या संदेशाखाली कोणास खवटपणाविषयी लिहिण्याचा संकोच वाटला तर नवल नाही, ज्या विक्रेतीने बरणीवरच ‘तीन महिन्यांत संपवावा, वास बदलल्यास कळवावे’ असे छापले आहे, तिला मात्र काकू निःसंकोच कळवील.