अंध मुलाचा किल्ला : रचनेच्या गद्याविषयी काही विचार

खेळण्यातील विटांची चर्चा भाषाविषयक पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अंध व अल्पदृष्टी मुलांना या विटांनी रचना कशी करता यावी, हा प्रश्न सहसा हस्तकौशल्याचा समजला जातो. आमच्या मते तो मुळात गद्याचा आहे.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली पेटंट घेतलेली वीट माथ्यावरील उंचवट्यांनी आणि पोटातील नळ्यांनी दुसरीस घट्ट धरते. ही पकड बोटांना पुरती कळते. तेथे डोळ्यांचे काही अडत नाही. अडते ते पुस्तिकेपाशी. ती केवळ चित्रांची असते, आणि शब्द नसल्यामुळेच ती जगभर चालते. डोळस मुलाची जी सोय, तीच अंध मुलाची अडचण झाली आहे.

या अडचणीवर पुढे आलेल्या दोन उपायांची जात वेगवेगळी आहे. पहिला ब्रेल-विटेचा. २०११ साली डेन्मार्कच्या अंध-संघटनेने आणि २०१७ साली ब्राझीलमधील दोरिना नोविल प्रतिष्ठानाने ही कल्पना मांडली. २०१९ मध्ये योजना जाहीर झाली आणि २०२३ पासून या विटा बाजारातही आल्या. ब्रेलचे बिंदू जेथे हवेत तेथेच उंचवटे ठेवायचे आणि डोळस सोबत्यासाठी तेच अक्षर छापायचे, अशी त्यांची घडण. भारती ब्रेलमध्ये पहिला बिंदू म्हणजे अ, पहिला व दुसरा म्हणजे ब, पहिला व तिसरा म्हणजे क. तेव्हा छापील अक्षर बदलले की या विटा मराठी मुलासही चालाव्यात. युक्ती सुंदर आहे, पण ती वाचनाची आहे. त्यातही, शेजारच्या दोन उंचवट्यांत आठ मिलिमीटरांचे अंतर असते, तर कागदावरील ब्रेल-बिंदूंत सुमारे अडीच. म्हणजे एरवी एका बोटाखाली मावणारे अक्षर येथे चाचपून गोळा करावे लागते. आणि बुरूज कसा रचावा, हे तर या विटा सांगतच नाहीत.

दुसरा उपाय आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मॅथ्यू शिफ्रिन या अंध अमेरिकन मुलाच्या तेराव्या वाढदिवशी लिल्या फिंकेल या कुटुंबस्नेही बाईंनी त्याला ‘आलमूतची लढाई’ हा ८२१ तुकड्यांचा संच दिला. सोबत प्रत्येक पायरीचे तुकडे वेगळे करून ठेवलेल्या पिशव्या होत्या आणि संपूर्ण कृती ब्रेलमध्ये लिहिलेली होती. २०१७ साली फिंकेल निवर्तल्या. २०१९ मध्ये लेगोने ध्वनी व ब्रेल सूचनांचा प्रयोग सुरू केला, त्यास ऑस्ट्रियातील एका संशोधनसंस्थेच्या संगणकीय कामाचा आधार होता. यंत्र विटेची जागा बिनचूक सांगेल, हे मान्य. परंतु ‘आता दरवाजाची चौकट सुरू होते’ हे वाक्य लिहिण्यास रचनेचे चित्र मनात असलेला लेखक हवा. ते वाक्य गाळले, तर मूल बांधत नाही, नुसते हुकूम पाळते.

असे गद्य मराठीत लिहू गेल्यास काय होईल? दिवाळीत मुरगूडसारख्या वेदगंगेकाठच्या गावी मुले दगडविटांचा, चिखलाचा आणि गोणपाटाचा किल्ला करतात. माती तर स्पर्शाचेच माध्यम. तरीही अंध मूल बहुधा कडेला बसते. कारण त्या वेळी चालणारी भाषा आठवावी : ‘हे इथं ठेव’, ‘असं नको, तसं’, ‘एवढंच’. यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या बोटात असतो. बुरूज, तट, माची, बालेकिल्ला ही आपली नामे समृद्ध आहेत, परंतु त्यांना जोडणारी क्रियाविशेषणे दृष्टीवर उधार आहेत.

ही उधारी फेडता येण्याजोगी आहे. ‘पुढे’ म्हणजे बांधणाऱ्याच्या जवळ की त्याच्यापासून दूर, हे ठरत नाही. पण ‘अलीकडे’ व ‘पलीकडे’ या जोडीत ती शंका उरत नाही. ‘वर’ हा शब्द केवळ उंचीसाठी राखून ठेवावा. कागदाच्या सवयीने पलीकडच्या कडेस ‘वरची बाजू’ म्हणू नये. ‘दोन-चारची वीट’ म्हटल्यास कानाला ‘दोन-चार विटा’ ऐकू येईल. सुताराचे ‘दोन बाय चार’ येथे पत्करावे. गवंड्याकडून ‘थर’ घ्यावा, आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देण्यासाठी त्याचा ‘सांधमोड’ हा शब्दही घ्यावा. चित्रात ही गोष्ट दिसते. वाक्यात ती मुद्दाम सांगावी लागते.

नमुन्यादाखल एक वाक्य करून पाहू : ‘दुसऱ्या थरात, डाव्या-अलीकडच्या कोपऱ्यापासून दोन उंचवटे मोकळे सोडून, दोन बाय चारची वीट आडवी बसवा, येथून तट सुरू होतो.’ यातील ‘आडवी’ अजून खटकते. एकास ती डावीकडून उजवीकडे पसरलेली वाटेल, दुसऱ्यास नुसती न उभारलेली. ‘तिची लांबी डावीकडून उजवीकडे ठेवून’ असे म्हटल्यास वाक्य लांबते. तूर्त लांबलेले वाक्यच आम्ही पसंत करू, आणि ते एखाद्या अंध मुलाच्या हाती विटा देऊन तपासू.