‘विश्वजाल’ : एका रूपकाची परीक्षा

शास्त्रीय गद्याला अलंकारांचें वावडें असतें, अशी आपली समजूत आहे. विश्वाच्या विशाल रचनेविषयींचें लेखन वाचूं लागलें कीं ती टिकत नाहीं. झेल्दोविच यांनीं १९७० सालीं गणितानें दाखविलेल्या चपट्या थरांस ‘पॅनकेक’, म्हणजे आपलें घावनच, असें नांव पडलें. १९८९ सालीं गेलर व हुक्रा यांस दीर्घिकांची ‘महाभिंत’ दिसली. आणि १९९६ सालच्या बाँड, कॉफमन व पोगोस्यान यांच्या निबंधापासून ‘विश्वजाल’ हा शब्द सर्वतोमुखीं झाला. मराठींत आपण तो तसाच उचलला आहे. म्हणून त्याची परीक्षा अवश्य आहे.

आकारापुरतें पाहिलें तर रूपक निर्दोष आहे. दीर्घिका तंतूंवर ओवल्यासारख्या आहेत, तंतू मिळतात तेथें समूहांच्या गांठी आहेत, आणि मध्यें कोट्यवधि प्रकाशवर्षें रुंदीच्या पोकळ्या आहेत. परंतु जाळें म्हटलें कीं विणणारा कोळी आठवतो, आणि एकदां विणून झालेली स्थिर वस्तु डोळ्यांपुढें येते. येथें विणणारा कोणी नाहीं, आणि विणकामही संपलेलें नाहीं.

विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना सुटलेल्या प्रकाशांत, १९९२ सालीं कोबे उपग्रहानें दाखविल्याप्रमाणें, एका लक्षांत सुमारें एक भाग एवढाच चढउतार होता. या अल्प मुदलावर गुरुत्वाकर्षणानें व्याज चढविलें: जेथें द्रव्य किंचित् अधिक, तेथें आणखी आलें, जेथें उणें, तेथून निघून गेलें. सामान्य द्रव्याच्या सुमारें पांचपट असलेलें अदृश्य द्रव्य या कामीं पुढें होतें. पोकळींतून थरांत, थरांतून तंतूंत, तंतूंतून गांठींत, असा हा ओघ आहे. जाळ्याच्या प्रतिमेंत नेमका तोच हरपतो. पोकळी ही मुळांत न विणलेली जागा नसून हळूहळू रिती झालेली जागा आहे, हें वाचकाच्या ध्यानींच येत नाहीं.

२०१७ सालीं पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनीं सहकाऱ्यांसह, सुमारें ४०० कोटि प्रकाशवर्षें दूर असलेला, ६० कोटि प्रकाशवर्षें विस्ताराचा दीर्घिकांचा महासमूह उजेडांत आणला व त्यास ‘सरस्वती’ हें नांव दिलें. हें नांव मला अधिक रसज्ञतेचें वाटतें. त्यांत प्रवाह आहे. आणि सरस्वती ही लुप्त होणारी नदी आहे, हेंही सार्थच आहे. कारण विश्वाचें प्रसरण वेग घेत असल्याचें १९९८ सालीं आढळलें. तें असेंच चालू राहिल्यास गुरुत्वानें घट्ट बांधलेले समूह तेवढे एकत्र राहतील, बाकीचे एकमेकांपासून दुरावतील आणि ओघ आटेल.

रूपकानें वस्तूच्या आकृतीबरोबर तिचें चरित्रही सांगितलें पाहिजे. ‘विश्वजाल’ या शब्दानें अर्धेंच काम केलें आहे. तो टाकावा असें मी म्हणत नाहीं. परंतु शिकविणारानें त्याबरोबर ओघाची कथा सांगितल्यावांचून राहूं नये.