वाघाला यमक सापडलं नाही म्हणून

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या कोळसा खाणपट्ट्यात वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला वाघाची पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. दिवेलागणीला मोठी माणसं त्याला अंगणातून आत बोलावतात, त्या हाकेत वाघ असतो. या जिल्ह्यात आज दोनशेहून अधिक वाघ आहेत. २०२२ साली तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातच वाघाने कामगार मारला. अशा मुलाच्या मांडीवर आपण जे चित्रपुस्तक ठेवतो, त्यातला वाघ बहुधा गोल डोळ्यांचा आणि हसरा असतो. तो मांजर असता तरी गोष्टीत काही बिघडलं नसतं.

मराठी चित्रपुस्तकाने काही कमावलं नाही, असं मुळीच नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने घरातली माणसं इतकी खरी उभी केली, की मूल पान उलटताना आपलीच आजी शोधतं. त्यांचं ‘चित्रवाचन’ मला माजरीसाठी विशेष मोलाचं वाटतं. रेल्वे जंक्शन आणि कोळसा यांच्यामुळे इथे मराठीच्या शेजारी हिंदी आणि तेलुगू नांदतात, आसपासच्या गावांत गोंडी आहे. अंगणवाडीत मूल कोणत्या भाषेत बोट दाखवेल सांगता येत नाही. चित्र आधी बोलू लागलं, की ही अडचण उरत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’मुळे २०१५पासून गोष्टी फुकट मिळतात, छापताही येतात. पण त्यातल्या भाषांतरित मराठीला पुष्कळदा ठेका नसतो, आणि दोन वर्षांच्या मुलाला तर ठेकाच आधी कळतो.

आपल्या पुस्तकांनी घर जिंकलं, भीती मात्र उंबऱ्याबाहेर ठेवली. घास भरवताना आपण बागुलबुवाचं नाव घेतो, पण त्याला चेहरा देत नाही. रंगभूमीवर रत्नाकर मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणला; चिमुकल्यांच्या पुस्तकांत तसा धीर क्वचित दिसतो. मॉरिस सेंडॅकने १९६३ साली अमेरिकेत जे अक्राळविक्राळ प्राणी काढले, ते लहानपणी घरी येणाऱ्या काका-मावश्यांवरून. म्हणून ते आधी घाबरवतात आणि मग आपलेसे होतात. ज्युलिया डोनाल्डसनचा ‘ग्रफलो’ (१९९९) तर वाघातूनच जन्मला: तिने एका चिनी लोककथेतला वाघ घेतला होता, त्याला यमक सापडेना, म्हणून तिने नवाच प्राणी रचला. आपल्याकडे अनुष्का रविशंकर आणि पुलक बिश्वास यांच्या ‘टायगर ऑन अ ट्री’मध्ये (१९९७) गावकरी वाघाला पकडतात आणि आता याचं करायचं काय, या पेचात पडतात. चंद्रपूरमधल्या कितीतरी गावांचा हा रोजचा पेच आहे. असं पुस्तक मराठीत इथल्या माणसाने काढावं, असं मला फार वाटतं.

त्यासाठी नजर कुठून आणायची, हे भज्जू श्यामने दाखवलं आहे. पाटणगढच्या या परधान गोंड चित्रकाराने ‘द लंडन जंगल बुक’मध्ये (२००४) लंडनची भुयारी रेल्वे गांडुळासारखी काढली, बस इमानी कुत्र्यासारखी आणि बिग बेनच्या घड्याळाला कोंबडा केलं. ते पुस्तक तान्ह्यांसाठी नाही, पण ती नजर त्यांचीच आहे. माजरीचं मूल डंपरकडे असंच पाहतं: माती खाणारं, रात्री डोळे पेटवणारं, मागे सरकताना ओरडणारं जनावर. त्या जनावराला झोप आली तर ते कुठे निजेल? एवढ्या एका प्रश्नावर बारा पानं होतात. रंग फार लागणार नाहीत, काळा आणि पिवळा पुरे.

आणि राक्षसच हवा असेल, तर तो पाचशे वर्षांपासून वाट पाहतो आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर चढलेलं, सिंहासारखं एक जनावर कोरलेलं आहे. जटपुऱ्याच्या दरवाजाखालून रोज रिक्षा जातात, आईच्या कडेवरची मुलं मान वर करून पाहतात. त्याचं नाव काय, तो खातो काय, हत्तीला दुखतं का?